रापणीचा वाटा

सोमवार, ८ जुलै २००२

आजपासून मी मुका. डॉक्टरांनी घशात आरसा घालून बघितलं आणि स्वरयंत्रावर गाठी आहेत म्हणाले. बोलणं बंद. मी कुजबुजत विचारलं, "अजिबात?" तर म्हणे कुजबुजणं बोलण्याहून वाईट. गाठी आपसूक बसल्या तर उत्तम, नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरला ऑपरेशन. त्यानंतर आवाज किती परत येईल, ते आज कोणीच सांगू शकत नाही.

सगळी नोकरी मी भूगोल शिकवला तो तोंडाने. माझा मान्सून केरळात शिरला की शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या बाई दार लावून घेत. हिमालय दाखवायला मला नकाशा लागला नाही, आवाज चढवला की मुलं माना वर करून बघत. आता मान वर करून काय बघतील, माझं टक्कल?

म्हणून ही वही. बोलायचं नाही तर कुठेतरी ओकायला तर हवं. वही नवी आहे, तिला माणसं माहीत नाहीत, तेव्हा सांगून ठेवतो: मालिनी म्हणजे माझी बायको. तिला पाटीवर डॉक्टरांचं सगळं लिहून दाखवलं. तिने शांतपणे वाचलं, पाटी पुसून परत दिली आणि म्हणाली, "बरं. आता भाजी कुठली करू ते लिहा." मला रागच आला.

रोज संध्याकाळी ती तांदूळ निवडते आणि मी उद्याचा पाठ तिच्यासमोर म्हणून बघतो. लग्न झाल्यापासूनची सवय. ती मधेच "ते का?" विचारते, मी चिडतो, चिडून सांगतो, आणि सांगता सांगता मलाच नीट कळतं. आज ती ताट घेऊन बसली, मी पाटी घेऊन समोर बसलो. तिने काही विचारलं नाही. एवढ्याशा पाटीवर मी तरी किती लिहिणार होतो.

गुरुवार, ११ जुलै

मुख्याध्यापिका शेट्येबाईंनी बोलावलं. खोलीत आप्पा बसलेले. आप्पा आमच्या संस्थेचे सेक्रेटरी, हापूसच्या बागांचे मालक. आवाज असा की बागेत माकड उतरलं तर इथून हाकलतील.

"देवदत्ता, वाईट वाटून घेऊ नकोस," म्हणाले, "पण दहावीचं वर्ष आहे. मुक्या मास्तराच्या हाती वर्ग दिला तर पालक मला सोलतील. तू आपलं वाचनालय सांभाळ."

मी पाटीवर लिहिलं, 'निवृत्तीला थोडीच वर्षं उरली. वर्ग काढू नका.' आप्पांकडे चष्मा नव्हता. बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "सहामाहीपर्यंत दहावी सरांकडेच राहू दे. पेपर बघून ठरवू." आप्पा मान हलवत उठले, म्हणजे होकार नव्हे, पण नकारही नव्हे.

ते गेल्यावर बाईंनी माझ्यापुढे किल्ली ठेवली. कॉम्प्युटरच्या खोलीची. मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी पाठवलेला तो कॉम्प्युटर वर्षभर प्लास्टिकच्या कापडाखाली झाकलेला आहे, इंटरनेटचं कनेक्शनसुद्धा घेतलेलं आहे, पण हात कोण लावतो? बाई म्हणाल्या, "तुम्हाला बोलता येत नाही ना, मग त्याला बोलू द्या."

मी लिहिलं, 'ही कल्पना तुमची?' तर हसून म्हणाल्या, "कोणीतरी सुचवली." कोण हा शहाणा ते काही सांगितलं नाही. घरी येऊन मालिनीला लिहून दाखवलं, की माझी चेष्टा चालली आहे. ती म्हणाली, "करून तरी बघा." तिला काय जातंय म्हणायला.

मंगळवार, १६ जुलै

फजिती. दुसरा शब्द नाही.

पावसाने दडी मारली आहे, तेव्हा म्हटलं हवामान खात्याच्या साइटवरचं उपग्रहाचं चित्र दाखवावं. आधी त्या यंत्राने फोनच्या लाइनीवर किंचाळून घेतलं. मग चित्र वरून खाली पट्टी पट्टीने उतरायला लागलं. काश्मीर आलं. बऱ्याच वेळाने दिल्ली आली. अख्खा वर्ग त्या एका पडद्याभोवती. मागच्यांना पुढच्यांच्या मानाच दिसत होत्या. मागचा हितेश बाकावर चढला, बाक कलंडलं. मी डस्टर आपटत होतो, पण डस्टरला कोण भितो? चित्र जेमतेम नागपूरपर्यंत आलं आणि कचेरीत कोणीतरी फोन उचलला. लाइन तुटली. आमची रत्नागिरी आलीच नाही.

पूर्वी एक हाक मारली असती तर टाचणी पडली तरी ऐकू आलं असतं. आज त्या खोलीत उभं राहून मला रडू येईल असं वाटलं. आलं नाही, पण वाटलं.

शनिवार, २० जुलै

शाळा सुटल्यावर दिशा थांबली. भाट्ये गावची मुलगी, वडील मासेमारी करतात. वर्गात फारसं बोलत नाही. दारात उभी राहून म्हणाली, "सर, आमच्या रापणीसारखं करूया का?"

मी भुवया वर केल्या. तिने हातवारे करून सांगितलं. होडीने समुद्रात मोठं जाळं अर्धगोल सोडायचं. त्याचे दोन दोर किनाऱ्यावर. अर्धी वाडी एका दोराला, अर्धी दुसऱ्याला. दोघे ओढत ओढत एकमेकांच्या जवळ येतात आणि मासळी मधल्या खोळीत.

"सगळे कॉम्प्युटरवर लोटतात ना सर, म्हणून जाळं गुंततं. अर्ध्यांनी पुस्तक आणि नकाशा ओढायचा. अर्ध्यांनी कॉम्प्युटरवरचं कागदावर काढून आणायचं. शेवटी मधे भेटायचं."

मी पाटीवर लिहिलं, 'आणि मी काय करू?'

"आमचे आजोबा करतात ते करा. गंगाराम आजोबांना आता दोर ओढवत नाही. ते उंचावर उभे राहतात आणि फडकं हलवतात. हा दोर सैल, तो ताठ, थांबा, ओढा. वाऱ्यात ओरडून तसंही काही ऐकू येत नाही."

घरी येताना मी स्वतःशीच हसत होतो. मालिनीने विचारलं काय झालं, तर पाटी भरून लिहिलं. आजारी पडल्यापासून तिच्यासाठी मी एवढं पहिल्यांदाच लिहिलं असेन.

शनिवार, २७ जुलै

रापण चालली. सुट्टीत कचेरीतला फोन बंद करून (लेखनिक माझ्यावर जाम खवळला आहे) मी चित्रं आणि पानं उतरवून घेतो, छापतो. एका दोराला पहिल्या बाकावरची ओवी पुढे, दुसऱ्याला हितेश. मी प्लॅटफॉर्मवर लाल फडकं घेऊन उभा. आज ढगांचं चित्र पूर्ण आलं. जुलै संपत आला आणि मध्य भारतावर ढगांचा पत्ता नाही. पुस्तकवाल्यांनी सांगितलं मान्सून कसा यायला हवा, कागदवाल्यांनी दाखवलं तो कसा आलेला नाही. दोघे मधे भेटले तेव्हा हितेश म्हणाला, "म्हणजे पुस्तकात आहे तसं दरवर्षी होत नाही?" हे माझं सर्वात लाडकं वाक्य आहे, आणि मी ते कधी कोणाकडून काढून घेऊ शकलो नव्हतो. नेहमी मीच सांगून टाकायचो.

मारुती मंदिराजवळ माझा जुना विद्यार्थी सलिल सायबर कॅफे चालवतो. त्याने वर्गासाठी ई-मेलचा पत्ता काढून दिला. आपल्या दुकानात चिठ्ठीही लावली आहे, 'बेहेरे सरांना भूगोलाचे प्रश्न विचारा.' मी म्हटलं (म्हणजे लिहिलं), कोण विचारणार?

सोमवार, ५ ऑगस्ट

विचारलं की कोणीतरी. पहिली मेल. इंग्रजी अक्षरांतलं मराठी, वाचताना दात हलले. इथे नीट करून उतरवतो:

'सर, भाट्याच्या खाडीत भरती रोज येते ती काल आली त्या वेळेला आज का येत नाही? रोज थोडी उशिरा का? एक विद्यार्थी, रत्नागिरी.'

इतका साधा आणि इतका बरोबर प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. चंद्र स्वतःही पुढे सरकत असतो, म्हणून पृथ्वीला त्याला गाठायला रोज थोडं जास्त फिरावं लागतं, हे मी मजेत लिहिलं. धावत्या एस.टी.च्या मागे धावणाऱ्या माणसाचं उदाहरण दिलं. लिहिताना वाटलं की मी बोलतोच आहे. ते उत्तर छापून वर्गातही वाटलं.

शनिवार, १० ऑगस्ट

'एक विद्यार्थी'ची दुसरी मेल. 'पोफळीला वीज करून झाल्यावर ते पाणी कुठे जातं? ते मूळचं इकडचं आहे की तिकडचं?'

वा. कोयना घाटावर पूर्वेला वाहणारी नदी. तिचं पाणी डोंगरातून बोगद्याने पश्चिमेला आणून पोफळीला खाली सोडतात, आणि मग ते वाशिष्ठीतून आपल्या समुद्राला मिळतं. जे पाणी बंगालच्या उपसागरात जायचं ते अरबी समुद्रात. पाठ्यपुस्तकाने या गोष्टीची एका ओळीत बोळवण केली आहे. मी दोन पानं लिहिली.

हा माणूस नक्की पोफळीच्या वसाहतीतला निवृत्त इंजिनियर असणार. मालिनीचं माहेर पोफळीचं, तिचे वडील तिथल्या वीजघरातच नोकरीला होते. तिला पाटीवर विचारलं, तुमच्याकडचा असा चौकस इंजिनियर कोण? ती भाजी निवडत होती. "असेल कोणी," म्हणाली. माणसाला आपल्या गावाचा एवढाही अभिमान नसावा म्हणजे कमाल आहे.

मंगळवार, २० ऑगस्ट

मालिनीने शिवणक्लास लावला आहे, मंगळवार आणि शुक्रवार, मारुती मंदिराकडे. महिना होत आला तरी एक ब्लाउज काही पुरा होत नाही. मी लिहिलं, 'शिकवणारी बाई बरी नाही.' तर म्हणाली, "शिकणारीच मंद आहे." हे मात्र खोटं. मालिनी मंद नाही. अकरावीत असताना तिचं लग्न झालं, नाहीतर कुठल्या कुठे गेली असती.

आज शाळेतून येताना कागद घ्यायला सलिलकडे गेलो. मला बघताच तो एवढ्या मोठ्याने "सर, तुम्ही? सर आले!" म्हणाला की मुका मी आहे की बहिरा, मलाच कळेना. कोपऱ्यातल्या केबिनचं दार फटकन लागलं. दाराशी आमच्यासारखीच निळ्या फुलांची छत्री, काडीसुद्धा आमच्यासारखीच दोऱ्याने बांधलेली. त्या छत्र्यांच्या काड्या टिकतच नाहीत. दुकानदाराला सांगायला हवं.

शनिवार, ३१ ऑगस्ट

'एक विद्यार्थी' विचारतो, 'आपल्याकडे सप्टेंबरात पापड वाळत नाहीत आणि घाटावर वाळतात. मधे फक्त एक डोंगर आहे, मग एवढा फरक का?'

इंजिनियरसाहेबांना पापडही घालावे लागतात वाटतं. बायको गेली असावी बिचाऱ्याची. उत्तर लिहिताना मी जरा जपून, आपुलकीने लिहिलं.

वर्गात मात्र हा प्रश्न वाचून दाखवला गेला तेव्हा पोरं खाली माना घालून हसत होती. मुलींनी तर तोंडावर रुमाल धरले. पापडात हसण्यासारखं काय आहे? मी फडकं झटकलं.

सोमवार, ९ सप्टेंबर

उद्या गणपती. घरात मोदकांची तयारी, आणि माझं डोकं ठिकाणावर नाही.

गेल्या आठवड्यात प्रश्न आला होता, सह्याद्रीच्या पश्चिमेच्या नद्या एवढ्या आखूड का. मला वेळ नव्हता. एका परदेशी साइटवर आयता मजकूर मिळाला, त्याचं मराठी केलं आणि पाठवून दिलं. आज उलट मेल:

'सर, उत्तर मिळालं. पण ते तुमचं वाटलं नाही. कुठून उतरवलंत का? तुम्ही सांगता तेव्हा एखादा माणूस किंवा एस.टी. किंवा आमटी तरी येते. यात कोणीच नव्हतं. तुमचं सांगणं असेल तर पाठवा, नसेल तर राहू दे.'

मी तापलो. हा कोण मला शिकवणार? माझं सांगणं कसं असतं ते या पोफळीवाल्याला काय ठाऊक? जन्मात कधी माझ्या वर्गात बसला तरी आहे का? पाटीवर एवढं रागारागाने लिहिलं की पेन्सिल मोडली. मालिनीने वाचलं, पेन्सिलीचे तुकडे उचलले. मग म्हणाली, "रागावू नका. त्याला तुमचंच ऐकायचं असेल."

मोदकाच्या सारणाचा वास घरभर होता. मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो. खरं सांगायचं तर तो बरोबर होता. परत आत जाऊन नवं उत्तर लिहिलं. घरामागे समुद्र इतका जवळ आहे की नदी म्हणते लांब चालत जाऊ कशाला, असं काहीतरी. त्यात आमटीही आली.

बुधवार, १८ सप्टेंबर

घशात सुधारणा नाही. गाठी बसल्या नाहीत. दिवाळीत ऑपरेशन नक्की. मालिनीने कोल्हापूरला तिच्या मावशीला फोन केला.

आज मला भीती वाटते आहे. घशाची एवढी नाही. दहावी काढून घेतली तर मी सकाळी उठून काय करू, याची. वाचनालयाच्या कपाटांपुढे बसून पुस्तकांवरची धूळ झटकेन. हे कोणाला लिहून दाखवलं नाही, फक्त इथे.

गुरुवार, २६ सप्टेंबर

आप्पा न सांगता वर्ग बघायला आले. मागच्या बाकावर बसले, मांडीवर छत्री. आणि आजच कॉम्प्युटरची लाइन मेली. मी जोडत राहिलो, ते किंचाळत राहिलं, मग तेही थांबलं. खोलीत आप्पांच्या खाकरण्याचा आवाज फक्त.

दिशा उठली. म्हणाली, "सर, उतरवून ठेवलेले कागद आहेत ना? तुम्ही नुसते उभे राहा." आणि मुलांना म्हणाली, "आज पोफळी ओढायची."

एक दोर कृष्णेकडून निघाला. ओवीने नकाशावर कोयना दाखवली, धरण दाखवलं, पूर्वेला जाणारं पाणी. दुसरा दोर दाभोळच्या खाडीतून, समुद्राकडून आत, वाशिष्ठीच्या काठाने चिपळूण, मग घाटाखाली. हितेशच्या हातात धरणाचं छापलेलं चित्र, दुसऱ्याच्या हातात माझं दोन पानी उत्तर. मी फडकं हलवत होतो. ओवी घाई करत होती, तिला थांबवलं. हितेश अडखळला, त्याला ओढ म्हटलं. आणि दोन्ही दोर बरोबर पोफळीला भेटले. डोंगराच्या पोटात, जिथे पाणी पडतं आणि दिवे लागतात.

आप्पांनी मागून विचारलं, "म्हणजे घाटावरच्या लोकांचं पाणी आपण पळवलं?"

मी मुलांना कधी शिकवलं नव्हतं हे. ओवी म्हणाली, "पळवलं म्हणता येईल. पण वीज त्यांच्याकडेही जाते. बरोबर की चूक ते आम्हाला अजून ठरवता आलं नाही."

आप्पा उठले. जाताना माझ्यापाशी थांबून म्हणाले, "हे कोयनेचं कोणी काढलं?" मी मेलचा कागद दाखवला. या खेपेला त्यांच्याकडे चष्मा होता. "भला माणूस आहे," म्हणाले आणि गेले.

मुलं गेल्यावर मी दिशाला पाटीवर लिहिलं, 'आज मी काहीच केलं नाही.' ती म्हणाली, "सर, फडकं हलवणाऱ्याला वाटा मिळतो. आमच्यात कोणी आजोबांना विचारत नाही तुम्ही काय केलं म्हणून."

खूप दिवसांनी मला पोटभर जेवण गेलं.

रविवार, १३ ऑक्टोबर

सहामाहीचे पेपर तपासून झाले. उत्तरं पाठ केलेली नाहीत. चुकली आहेत तीसुद्धा स्वतःच्या डोक्याने चुकली आहेत. एकाने आखूड नदीबद्दल लिहिताना माझी आमटी घातली आहे. मी त्याला पूर्ण गुण दिले. गठ्ठा बाईंकडे दिला. निर्णय सुट्टीनंतर.

रविवार, १० नोव्हेंबर

कोल्हापूरहून परत. ऑपरेशन झालं. मालिनी सगळे दिवस उशाशी. दिवाळी दवाखान्यातच, तिने चिवडा डब्यात घालून आणला होता, मला खाता येत नव्हता तर नर्सबाईंना वाटला. या बाईचे मी कधी आभार मानले नाहीत. मानायचे कसे तेही माहीत नाही, आमच्या घरात ती पद्धत नाही.

सलिलकडे जाऊन मेल बघितली. या आठवड्यांत पोफळीवाल्याचं एक अक्षर नाही. तोही नेमका गावाला गेला असणार. माणसाची सवय होते.

शनिवार, १६ नोव्हेंबर

आवाज आला. म्हणजे जे काही आलं त्याला आवाज म्हणायचं. गंजलेल्या बिजागरीसारखा. डॉक्टर म्हणाले, पूर्वीचा आवाज विसरा, हा जपून वापरा, आणि नवं वर्ष उजाडेपर्यंत रोज थोडीच वाक्यं. मी ती सगळी वर्गासाठी राखून ठेवतो. घरी पाटीच चालू आहे. मालिनी ती रोज पुसून ठेवते.

सोमवार, २५ नोव्हेंबर

दहावी माझ्याकडेच राहणार. शेट्येबाईंनी सांगितलं. समितीत आप्पाच म्हणाले म्हणे, "त्याचा आवाज गेला तर पोरांना आवाज फुटला, आता का काढताय त्याला?" आप्पांकडून ही अपेक्षा नव्हती. नवव्या इयत्तेलाही कॉम्प्युटरची खोली खुली करायची आहे, ती जबाबदारीही माझी.

माझ्या हातात आज काय काय आलं, ते मोजायला बसलो तर सगळ्यात आधी तो कोण कुठला प्रश्न विचारणारा आठवतो. त्याचे प्रश्न नसते तर मी पहिल्याच महिन्यात गप्प झालो असतो, घशापेक्षा आतून. त्याला मेल केली, 'साहेब, एकदा भेटा. पोफळीला यायला मी तयार आहे.' उत्तर आलं, 'भेटू की. लांब कशाला जायचं.' म्हणजे काय?

रविवार, १ डिसेंबर

आज वर्गाला भाट्याला रापण बघायला नेलं. पुढच्या घटकासाठी हितेश फोटो काढून कॉम्प्युटरवर चढवणार आहे. मालिनीही आली, पोरांसाठी लाडू घेऊन. सुरूच्या बनाजवळ तिला सावलीत बसवलं, पाटीवर लिहिलं, तू ऊन कशाला खातेस.

मुलांनी दोर ओढले. हात सोलले, पाय वाळूत रुतले. गंगाराम आजोबा उंचावर फडकं हलवत होते. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि फडकं माझ्या हातात दिलं. मी हलवलं. खरंच, वाऱ्यात काही ऐकू येत नाही.

जाळं आलं. वाळूवर वाटे लागले, छोटे छोटे ढीग, ज्याने ज्याने दोर धरला त्याचा एकेक. आमच्या घरात मासा शिजत नाही हे दिशाने घरी सांगून ठेवलेलं. वाटा मोडायचा नसतो, म्हणून माझा वाटा नारळांचा. आजोबांनी स्वतः लावला. आणि त्याच्या शेजारी नारळांचा दुसरा.

दिशा म्हणाली, "हा तुमचा, सर. हा काकूंचा."

दिवसाची वाक्यं जपून ठेवलेली होती, त्यातलं एक मी खर्च केलं. "काकूंचा कसा? तिने तर दोराला हात नाही लावला."

"लावलाय की सर," दिशा म्हणाली. "ऑगस्टपासून त्याच ओढतायत."

सगळा वर्ग वाळूकडे बघत होता. ओवी ओठ चावून हसू दाबत होती. मी सुरूच्या बनाकडे वळलो. मालिनी निळ्या फुलांची छत्री बंद करून उभी होती, दोऱ्याने बांधलेली काडी माझ्याकडे. पदर सारखा करत होती, सारखा असलेला.

शिवणक्लास. पोफळी. पापड. कोल्हापूरचे ते रिकामे आठवडे. 'लांब कशाला जायचं.' आणि बाईंना कॉम्प्युटर सुचवणारा तो शहाणा. एवढा भूगोल शिकवला मी आयुष्यभर, आणि घरात काय चाललंय ते मला दिसलं नाही. पोरांना पहिल्यापासून माहीत होतं. सलिलच्या केबिनमध्ये काकूंना त्यांनी कितीदा बघितलं होतं, आणि तिने सगळ्यांना आपल्या गळ्याची शपथ घातली होती.

परतताना एस.टी.त ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुम्ही संध्याकाळी बोलायचे थांबलात ना, घर फार मोठं वाटायला लागलं. मला विचारायचं असायचं. पाटीवर तुम्हाला हात दुखेपर्यंत लिहायला लावायचं जिवावर यायचं. कॉम्प्युटरवर तुम्ही भराभरा लिहाल असं वाटलं." मग हळूच, "टाइप शिकायलाच दोन आठवडे गेले माझे."

संध्याकाळी तिने तांदळाचं ताट घेतलं. मी पाटी कोपऱ्यात उभी केली आणि तिच्यासमोर बसलो. गंजक्या आवाजात उद्याचा पाठ म्हणायला लागलो, किनाऱ्यावरची वाळू कुठून येते तो. ती खडे वेचत ऐकत होती. मधे हात थांबला.

"पण मग," ती म्हणाली, "आरे-वारेच्या किनाऱ्याची वाळू एवढी पांढरी आणि आपल्याकडची काळपट, ते का?"

मी चिडलो नाही. सांगितलं. शंखशिंपल्यांचं सांगितलं, खडकांचं सांगितलं, नदीने डोंगर कसा दळत आणला ते सांगितलं. तिने परत विचारलं, मी परत सांगितलं. शेवटी म्हटलं, "मालिनी, तू होतीस म्हणून." पुढचं वाक्य मला करता आलं नाही. तिने मान हलवली आणि ताट माझ्या मांडीवर सरकवलं. अर्धे तांदूळ मी निवडले.

आवाज सगळा संपला. उद्या वर्गात फळ्यावर लिहीन.